मूल भरपूर झोपतं, तरी थकलेलंच उठतं : काय बघायचं, काय करायचं

रात्री साडेआठला झोपलेली माझी लेक सकाळी साडेसातला मी हलवून उठवायचे. अकरा तास झोप. तरी डोळ्यांखाली काळं, घामाने कपाळाला चिकटलेले केस, आणि दिवसाचं पहिलं वाक्य, "आई, उचलून घे." बालवाडीतून डबा अर्धा परत यायचा. संध्याकाळी बाकीची मुलं घसरगुंडीवर आणि ही बाकावर माझ्या मांडीत. तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती.

सल्ले भरपूर मिळाले. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, शिस्त लावा. आम्ही ज्या डॉक्टरांकडे जायचो ते म्हणाले, वाढीचं वय आहे, होईल बरं. मी रोज नव्या जोमाने झोपेचं वेळापत्रक आखत राहिले आणि आठ महिने गेले. शेवटी कळलं की तिची झोप रात्रभर तुटत होती, आणि ते कुणी बघितलंच नव्हतं. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम असा ठेवला आहे : आधी झोपलेलं मूल बघायचं, मग लिहून काढायचं, मग डॉक्टर, आणि त्यानंतर घरातल्या सवयी. हा लेख साधारण दोन ते सात वर्षांच्या मुलांसाठी आहे. तान्ह्या बाळांची झोप हा वेगळा विषय आहे.

आधी तासांचा हिशोब

दुपारची झोप धरून चोवीस तासांत एक ते दोन वर्षांच्या मुलाला ११ ते १४ तास, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. शाळेच्या व्हॅनमधली डुलकी, आजीच्या मांडीवरची पंधरा मिनिटं, सगळं धरा. एका दिवसावर जाऊ नका, आठवड्याची सरासरी काढा.

तास कमी भरत असतील तर खालचा सवयींचा भाग तुमच्या जास्त कामाचा. तरीही एक रात्र जागून बघाच. तास पुरे आहेत आणि मूल तरी मलूल आहे, तर पुढचा भाग अजिबात सोडू नका.

थकवा ओळखताना आपली फसगत होते. मोठं माणूस थकलं की पेंगतं. लहान मूल थकलं की पुष्कळदा उलट वागतं : संध्याकाळी सात वाजता घरभर धावतं, चावतं, पोळीचा तुकडा चुकीच्या बाजूने मोडला म्हणून अर्धा तास रडतं. त्याला आपण हट्टी म्हणतो. सकाळी दहा वाजता, रात्रीची झोप होऊनही, पाच वर्षांवरचं मूल दहा मिनिटांच्या रिक्षाप्रवासात झोपून जात असेल, तर ती झोप पुरी पडलेली नाही एवढं नक्की समजा.

एक रात्र जागून बघा

आमच्याकडे हे काम सासूबाईंनी केलं. एकादशीला त्या पहाटे उठल्या होत्या, लाइट गेली, पंखा थांबला आणि खोलीत एकदम शांतता झाली. त्यांनी मला हाक मारली, "अगं, इकडे ये. ही श्वास घ्यायची थांबतेय." मी वाकून ऐकलं. घुर्र, घुर्र, घुर्र, मग काहीच नाही. मी मनात आठपर्यंत आकडे मोजले. मग ती दचकल्यासारखी हलली, एक मोठा श्वास ओढला, कूस बदलली आणि पुन्हा घुर्र सुरू. डोळे एकदाही उघडले नाहीत. पंख्याच्या आवाजात हे आम्हाला कधी ऐकूच आलं नव्हतं.

तुम्ही लाइट जाण्याची वाट बघू नका. झोप लागल्यावर तासाभराने एकदा आणि पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान एकदा बघा. पहाटेची वेळ महत्त्वाची, कारण स्वप्नांची झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्या झोपेत शरीराचे स्नायू अगदी सैल पडतात आणि श्वासाची अडचण तेव्हाच वाढते. झिरोचा दिवा ठेवा, दोन मिनिटं पंखा बंद करा, पांघरूण कमरेपर्यंत खाली घ्या आणि सदरा थोडा वर करा.

मग नीट पाहा. तोंड उघडं आहे का? मान मागे टाकली आहे का? काही मुलं गुडघे पोटाशी घेऊन पालथी झोपतात, कारण तशी श्वासाची वाट जरा मोकळी होते. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग किंवा गळ्याखालची खोबण आत ओढली जाते का? श्वास मध्येच थांबून मग धाप लागल्यासारखा येतो का? डोकं, उशी घामाने ओली आहे का? अंथरूण कोरडं राहू लागलेलं मूल पुन्हा रात्री शू करायला लागलं आहे का? चेहरा आणि छाती दोन्ही दिसतील असा दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर काढा, आवाजासकट. डॉक्टरांसमोर मूल जागं असतं आणि जागेपणी श्वास ठीक असतो. आमच्या आठ महिन्यांच्या सांगण्याने जे झालं नाही ते त्या व्हिडिओने दोन मिनिटांत केलं.

"घोरतंय म्हणजे कसं गाढ झोपलंय" असं आपण कौतुकाने म्हणतो. ते खरं नाही. सर्दी नसतानाही आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री मूल घोरत असेल तर ते दाखवायला हवं. नाकाच्या मागे, घशाच्या अगदी वरच्या टोकाला अ‍ॅडिनॉइड नावाच्या ग्रंथी असतात. साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात त्या श्वासाच्या वाटेच्या मानाने सगळ्यात मोठ्या असतात. त्या किंवा टॉन्सिल जास्त वाढले, की झोपेत सैल पडलेली वाट चिमटते. हवा कमी पडली की मेंदू मुलाला काही क्षण जागं करतो, वाट उघडते, मूल पुन्हा झोपतं. असं रात्रभर. मुलाला सकाळी काही आठवत नाही, आपल्यालाही अकरा तास पूर्ण झालेले दिसतात.

त्याच रात्री आणखी काही गोष्टी दिसू शकतात. झोपताना "पाय दाब" म्हणून मागे लागणं, पाय सारखे झटकणं, यामागे पुष्कळदा लोहाची कमतरता असते. रात्री शी करायच्या जागी खाज येऊन मूल वळवळत असेल तर बारीक पांढऱ्या जंतांची शंका घ्या. दात खाण्यावरून मात्र जंतांचं निदान करू नका, शांत पोटाची मुलंही दात खातात. कोपराच्या, गुडघ्याच्या घडीत खाजवून कातडी जाड झाली असेल तर ती खाजच झोपमोड करते. मध्यरात्रीनंतर येणारा कोरडा खोकला दम्याचा असू शकतो.

आणि एक प्रकार असा की पाहणाऱ्याच्या काळजाचं पाणी होतं : झोपल्यावर एक-दोन तासांनी मूल किंचाळत उठतं, डोळे उघडे, पण आईलाही ओळखत नाही. ते गाढ झोपेतून अर्धवट वर येणं असतं. हलवून जागं करू नका, फक्त लागू-पडू नये एवढं सांभाळा. काही मिनिटांत ते शांत होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. झोप अपुरी किंवा तुटक असली की हे वाढतं.

आठ दिवस लिहा

भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या जागेतही चालेल. अंथरुणावर किती वाजता नेलं, डोळा खरंच कधी लागला, रात्री किती वेळा उठलं, सकाळी आपणहून उठलं की उठवावं लागलं, दुपारी कधी ते कधी झोपलं, शेवटचा मोबाइल-टीव्ही किती वाजता, दूध किती, चहा किती. माझी एक ओळ अशी होती : "मंगळ. ८.३० अंथरूण, ९.४० झोप. २ वेळा पाणी. घोरणं आहे. ७.३० ला उठवलं, रडली. दूध ४ कप." ही ओळ लिहिताना मला पहिल्यांदा कळलं की मी जिला अकरा तास म्हणत होते ती झोप दहा तासांपेक्षाही कमी होती, आणि चार कप दूध पिणारी मुलगी जेवणार कशी.

डॉक्टरांकडे काय सांगायचं

"सारखी थकते हो" एवढंच म्हटलं की उत्तरही तेवढंच मिळतं. वही आणि व्हिडिओ घेऊन जा आणि असं सांगा : आठवड्यात पाच रात्री घोरते, श्वास मध्ये थांबतो, घाम येतो, सकाळी उठवावं लागतं, हे अमुक महिने चाललंय. आधी बालरोगतज्ज्ञ, मग गरजेप्रमाणे कान-नाक-घसा तज्ज्ञ. ऐकून घेतलं जात नसेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. त्यात कुणाचा अपमान नाही.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही करायचं का, हे विचारा. हिमोग्लोबिन म्हणजे आज चुलीवर असलेलं धान्य आणि फेरिटिन म्हणजे कणगीतला साठा. कणगी रिकामी झाली तरी काही काळ जेवण शिजत राहतं, तसं हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातलं लोह संपत आलेलं असू शकतं. पाय झटकणाऱ्या मुलांमध्ये तज्ज्ञ फेरिटिन ५० च्या वर राहील असं बघतात, त्यामुळे अहवालात "नॉर्मल" छापलं आहे म्हणून विषय सोडू नका. तापात किंवा संसर्गात फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून मूल बरं असताना रक्त द्या. हा प्रश्न काही मोजक्या घरांचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं होतं. शुद्ध शाकाहारी घर असेल तर बी-१२ बद्दलही विचारा. थायरॉइड आणि बाकीच्या तपासण्या डॉक्टर ठरवतील.

लोहाचं औषध सुरू झालं तर ते दूध किंवा चहाबरोबर देऊ नका. लिंबूपाण्याबरोबर चांगलं लागू पडतं. सिरिंजने जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि नंतर चूळ भरायला लावा, नाहीतर दात काळे दिसतात. शी काळी होते, त्याला घाबरू नका. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात, त्यामुळे मध्येच बंद करू नका. आणि बाटली उंच कपाटात ठेवा : गोड म्हणून मुलाने जास्त प्यायली तर जिवाला धोका होतो. सरकारच्या अ‍ॅनिमियामुक्त भारत कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचं सिरप मोफत मिळतं, आशाताई किंवा अंगणवाडीत विचारा. तो डोस कमतरता होऊ नये म्हणून असतो. कमतरता झालेली असेल तर उपचाराचा डोस वजनावरून डॉक्टरच ठरवतात. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या गोळ्या शाळा-अंगणवाडीत देतात, त्या चुकवू नका.

जेवणात मोड आलेली मटकी, मूग, हरभरा, पालेभाजी, अळीव, आणि घरी चालत असेल तर अंडं, मासे, मटण. वरून लिंबू पिळा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा, कारण दुधाने पोट भरतं आणि दुधात लोह जवळजवळ नसतं. चहा मुलांना देऊच नका. चहा-चपाती खाऊन शाळेत जाणारी कितीतरी मुलं मी रोज बघते. त्या अर्ध्या कपाने जेवणातलं लोह अंगी लागत नाही आणि झोपही हलते.

कान-नाक-घशाचे डॉक्टर बाजूने काढलेला एक्स-रे किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून अ‍ॅडिनॉइड बघतात. कधी रात्रभराची झोपेची तपासणी, म्हणजे स्लीप स्टडी, सांगतात. त्यात बोटाला, छातीला तारा लावतात. दुखत काहीच नाही, आई-बाबांपैकी एकजण शेजारी झोपतो. सौम्य त्रासात काही आठवडे नाकाचा फवारा देऊन बघतात. माझ्या लेकीला फवाऱ्याने थोडा फरक पडला, पुरेसा नाही, म्हणून अ‍ॅडिनॉइड काढायची शस्त्रक्रिया केली. आधी मी फार घाबरले होते. तुम्हीही घाबराल, तेव्हा हे प्रश्न कागदावर लिहून न्या : शस्त्रक्रिया आत्ताच का, थांबलो तर काय होईल, टॉन्सिलही काढणार का, भूल कोण देणार, घरी आल्यावर रक्त आलं तर कुठे जायचं. शस्त्रक्रियेनंतरचे काही दिवस सुजेमुळे घोरणं राहू शकतं. आमचं तिसऱ्या आठवड्यात थांबलं. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण खोलीत आवाजच नव्हता. मी दोनदा उठून तिच्या नाकाखाली बोट धरून बघितलं.

काही खुणा दिसल्या तर वही-व्हिडिओत वेळ घालवू नका. ओठ निळसर होणं, दिवसाही हाक मारून नीट जागं न होणं, याला थेट रुग्णालय. एकाएकी खूप तहान, सारखी शू, वजन उतरणं, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा. फिकटपणाबरोबर अंगावर निळे डाग, रेंगाळणारा ताप किंवा हाडं दुखून रात्री रडणं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर.

झोप यावी म्हणून जायफळ उगाळून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. चिमूटभराने काही होत नसेलही, पण प्रमाण वाढलं की ते विषारी आहे आणि घरात प्रमाण मोजतं कोण? सर्दीचं सिरप "जरा शांत झोपेल" म्हणून देणं तर सर्वस्वी चूक. झोप यावी म्हणून मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोड गोळ्याही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. श्वास अडकणाऱ्या मुलाला गुंगी आणणं धोक्याचं आहे.

आता घराची रात्र

आमचं घर डोंबिवलीत, दीड खोल्यांचं म्हणा. तिचे बाबा लोकलने सव्वानऊला पोचतात. साडेनऊला जेवणं, मालिका, भांडी. मुलीला वेगळी खोली द्या, आठला घर शांत करा असे सल्ले वाचून मला रडू यायचं. आम्हाला जे जमलं ते सांगते.

सकाळची उठायची वेळ आधी पक्की करा, रविवारीसुद्धा. उठल्याबरोबर दहा-पंधरा मिनिटं उजेडात, गॅलरीत नाहीतर खाली दूध आणायला. रात्रीची झोप सकाळच्या उजेडाने बांधली जाते.

मग वहीत बघा, डोळा खरंच कधी लागतो. तिचा ९.४० ला लागत होता, तर मी तिला साडेआठला नेणं थांबवलं आणि साडेनऊलाच नेलं. अंथरुणावर तासभर लोळणं, पाणी, शू, गोष्ट, पुन्हा पाणी, हे चार दिवसांत संपलं. मग दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे. तीन आठवड्यांत पावणेनऊला गाढ झोप लागू लागली. मधल्या काळात सकाळची वेळ हलवायची नाही.

तिचं जेवण साडेसातला, वरणभात-भाजी, आमच्याआधी. तेव्हा बाबांची भेट होत नाही याचं दोघांनाही वाईट वाटायचं. मग त्यांनी सकाळची वीस मिनिटं तिला दिली : वेणी तेच घालतात, अजून वाकडीच येते आणि तिला तीच हवी असते. मालिका आजी हेडफोन लावून बघतात. हे त्यांनी आपणहून सुचवलं.

झोपेआधी तीच तीन कामं, त्याच क्रमाने : कोमट पाण्याने हातपाय, दात, एक गोष्ट. दिवा मंद. दोन वर्षांखाली स्क्रीन नको, दोन ते पाच वर्षं दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि झोपेआधीच्या तासात अजिबात नको. जेवताना मोबाइल लागणाऱ्या मुलाचा तो एका दिवसात सुटत नाही. आधी रात्रीच्या जेवणाचा सोडवा, बाकीचं नंतर. दुपारची झोप तीनच्या आत संपवा. चार-पाच वर्षांचं मूल दुपारी झोपून रात्री अकरापर्यंत जागत असेल तर ती बंद करून बघा, मात्र श्वासाचा प्रश्न सुटल्यानंतर, आधी नाही.

शाळेची वेळही बघा. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये निर्णय काढून २०२४-२५ पासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. बसच्या अडचणीमुळे काही शाळा अजून लवकर भरतात. तुमची तशी असेल तर दोन-चार पालक मिळून मुख्याध्यापकांना लेखी विचारा.

उपचार चालू असताना

फरक पडायला आठवडे लागतात. तोवर मूल थकलेलंच आहे हे धरून दिवस आखा. आम्ही नाचाचा क्लास तीन महिने थांबवला. बाईंना चिठ्ठी दिली : हिला रात्री नीट झोप मिळत नाही, उपचार चालू आहेत, मागे पडली तर रागावू नका, दुपारी डोकं टेकवू द्या. बाई त्या दिवसापासून तिला पहिल्या बाकावरून उठवून कोपऱ्यातल्या चटईवर बसवायच्या. घरी आल्यावर वीस मिनिटं नुसतं पडून राहणं, गप्पा नाहीत, प्रश्न नाहीत. संध्याकाळचा आकांत आला की समजवायला जायचं नाही, उचलून घ्यायचं.

आणि रात्र दोघांत वाटून घ्या. एकाने दोनपर्यंत लक्ष द्यायचं, दुसऱ्याने दोननंतर. एकटीवर सगळं असेल तर आठवड्यातल्या दोन रात्री आईला, बहिणीला, शेजारणीला मुक्कामाला बोलवा. मी हे सहाव्या महिन्यात केलं, पहिल्याच महिन्यात करायला हवं होतं.